मशीनच्या नाकाचा डॉक्टर

या अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "भाऊ, तुमचा व्यवसाय नेमका काय?" मी म्हटलं, "नाकाचा डॉक्टर." ते खूश झाले. "अरे वा! दवाखाना कुठे?" मी म्हटलं, "किला गेटला, पंक्चरवाल्याच्या शेजारी." मग मी त्यांना सांगितलं, की माझे पेशंट पेट्रोल पितात आणि गवत खातात.

तर मंडळी, मी मोहिते. लॉनवर चालणाऱ्या गवतकापणीच्या मशीनची छोटी इंजिनं दुरुस्त करतो. चाळीस वर्षं झाली. आख्ख्या ग्वाल्हेरात माझ्यासारखा दुसरा कोणी नाही, आणि मी नम्र माणूस आहे म्हणून ग्वाल्हेरवर थांबतो, नाहीतर झाशीपर्यंत जायला माझी हरकत नव्हती. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून इथे आले. खापरपणजोबा म्हणे घोडा नुसता फुरफुरला की सांगायचे, याला कुठल्या तबेल्यातली धूळ लागली. ती विद्या आमच्या घराण्यात उतरत उतरत माझ्यापर्यंत आली, तेव्हा घोडे संपले होते. मग मी ती मशीनवर वापरली.

खोटं वाटतं? माझ्याकडे एअर फिल्टर घेऊन या. एअर फिल्टर म्हणजे इंजिनचं नाक. मी तो टेबलावर हलकेच आपटणार, पडलेली धूळ चिमटीत घेणार आणि सांगणार, मशीन कुठल्या मोहल्ल्यातली. किला गेटची धूळ पिवळट आणि चरचरीत, किल्ल्याच्या दगडाची भुकटी असते ती. टोपी बाजाराकडची राखाडी, तिच्यात सुतळी आणि कापसाचे तंतू. आणि सराफा बाजारातल्या एका शेठजींची मशीन येते, बंगल्याच्या लॉनची. त्यांचा फिल्टर मी पहिल्यांदा आपटला, तेव्हा शेठजींनी चपळाईने खिशातून कागद काढून खाली धरला. धूळ पुडीत बांधली आणि म्हणाले, "दुकान के कपड़े पहनके लॉन में बैठता हूँ, भाऊ. क्या पता!" त्या पुडीतून पुढे मुलीचे झुमके झाले असं लोक सांगतात. लोकांना मीच सांगितलं होतं, ती गोष्ट वेगळी.

आता धंद्याची गोष्ट सरळ सांगतो, कारण बाहेरच्याला यातलं ओ की ठो कळत नाही. लोक समजतात की इंजिन पेट्रोलवर चालतं. अहो, पेट्रोल तोंडी लावायला! इंजिन जेवतं हवा. चमचाभर पेट्रोलमागे पिंपभर हवा ओढतं. आणि लॉनच्या मशीनचं नाक कुठे? जमिनीपासून वीतभर वर, जिथे पातं गवत, माती आणि वाळलेली पानं उडवत असतं तिथेच. तुम्ही आम्ही तिथे नाक लावलं तर दोन मिनिटांत अँब्युलन्स लागेल. म्हणून कंपनी एक डबी देते, आणि डबीत फिल्टर. बाहेरून स्पंज, आतून घड्या घातलेला कागद.

स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा, मुठीत दाबायचा, पण पिळायचा नाही. सावलीत वाळवायचा. मग इंजिन ऑइलचे चार थेंब टाकून पुन्हा मुठीत दाबायचा, म्हणजे ऑइल सगळीकडे पसरतं आणि धूळ त्याला चिकटते. कागदाला मात्र ना पाणी, ना ऑइल. नुसता हलकेच आपटायचा आणि पाठीमागून टॉर्च धरायचा. उजेड दिसला तर जिवंत, नाही दिसला तर राम म्हणायचं आणि नवा घालायचा. एवढंच आहे सगळं शास्त्र. पण एवढं करतो कोण? मुरार छावणीतल्या एक मेमसाहेब होत्या, त्यांनी कागदी फिल्टर वॉशिंग मशीनमध्ये घातला आणि वर स्टार्च करून इस्त्री मारली. माझ्यापुढे ठेवला तेव्हा तो सैनिकासारखा ताठ उभा राहिला. मी त्याला सलाम केला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला.

फिल्टर कोंडला तर नुकसान थोडं. इंजिन काळा धूर सोडतं, खोकतं, आणि तुम्ही माझ्याकडे येता. पण फिल्टरशिवाय मशीन चालवली, तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. आमच्याकडची धूळ म्हणजे दगडाचं पीठ. पिस्टन दर सेकंदाला पन्नास वेळा त्या पिठावर घासला जातो. महिन्याभरात इंजिन खलास. आणि इथले माळी नेमकं हेच करतात! फिल्टर कोंडला, मशीन मंदावली, की काढून ठेवतात बाजूला. मशीन एकदम जोरात पळते, माळी खूश. ही त्यांची खोड मला इतकी पाठ होती, की तिनेच माझा घात केला. तीच सांगायला बसलोय. मागल्या साली घडलेली गोष्ट आहे, आणि माझ्या बाकीच्या गोष्टींच्या उलट ही पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खरी आहे.

आमच्या शहरात लग्नं मॅरेज गार्डनमध्ये होतात. मोठं फाटक, फवारा म्हणजे कारंजं, आणि मधे हिरवंगार लॉन. त्यातलं एक गार्डन नानासाहेब चिटणिसांचं. यांचे वाडवडील दरबारात कागद लिहायचे, नानासाहेब आता लग्नाच्या तारखा लिहितात. गोरेपान, पांढरा झब्बा, खिशात पांढरा रुमाल, आणि आवाज असा हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं. त्यांच्या गार्डनचा माळी रामदीन. बावीस वर्षं तिथेच. फाटकाशेजारी एक खोली, तीत तो आणि त्याची बायको. रामदीन कमी बोलणारा. मी एक वाक्य बोलेपर्यंत तो अर्धा शब्द काढतो, आणि मी एक वाक्य बोलून कधी थांबत नाही.

त्या गार्डनच्या मशीनमध्ये मी नवरात्रात नवा पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या होत्या. दसऱ्यानंतर मशीन परत गेली. एक महिना उलटला. देवउठनी ग्यारसला, म्हणजे आपल्या प्रबोधिनी एकादशीला, गार्डनमध्ये सीझनचं पहिलं लग्न होतं. दोन दिवस आधी नानासाहेबांचा फोन आला, "भाऊ, मशीन धुआं सोडते आहे. निळा. घास घोट्यापर्यंत आलाय. तुम्ही लगेच या."

मी स्कूटर अशी सोडली, की वाटेतल्या गाई अजून माझं नाव काढतात. गार्डनमध्ये तंबूवाले बांबू उतरवत होते, हलवाई भट्टी लावत होता, आणि मधे लॉनवर मशीन. मी दोरी ओढली. दोरी कशी, तर पाण्यातून सुतळी ओढावी तशी आली! दमच नाही. तिथल्या तिथे हेड, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, खोललं. आत बघतो तर सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या रेघाच रेघा, जसं कोणी खिळ्याने ओरखडलंय. महिन्याभराचा पिस्टन, माझ्या हाताने घातलेला!

मंडळी, त्या क्षणी माझं डोकं असं तापलं की त्यावर हलवायाने जिलेबी तळली असती.

मी डबीचं झाकण उघडलं. वरचा स्पंज नव्यासारखा स्वच्छ. मी तो तंबूवाल्यांना दिसेल असा उंच धरला.

"बघा नानासाहेब! एक महिना मशीन चालली, आणि स्पंज कसा? कोरा! याचा अर्थ काय? अर्थ हा, की स्पंज आणि फिल्टर काढून ठेवले होते, आज मी येणार म्हणून परत बसवले!"

रामदीन पुढे आला. "भाऊसाब, हमने तो—"

"तू थांब. चाळीस वर्षं मी हेच बघतोय. फिल्टर काढला की मशीन पळते, मजा येते. ये मजा लिखी है इधर, सिलिंडर पे! वाच!"

"भाऊसाब, फिल्टर तो हमने—"

"अरे, धूळ कधी खोटं बोलत नाही! माणूस बोलेल, धूळ नाही बोलणार. मी धुळीची भाषा जाणतो, नानासाहेब. या सिलिंडरने फिल्टरशिवाय महिना काढलाय. कागदावर लिहून देतो."

टाळ्याच पडायच्या राहिल्या. तंबूवाले काम टाकून ऐकत होते. मला वाटतं मी आणखी पाच-सात मिनिटं बोललो, किल्ल्याची धूळ आणि खापरपणजोबाही मधे येऊन गेले. रामदीनचे ओठ एकदा आणखी हलले. मग तो मशीनचा दांडा पुसत राहिला.

नानासाहेब नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "रामदीन, दो दिन में शादी है, और तुमने मशीन मार दी. बाईस साल का भरोसा था. उद्या घास कापून दे, आणि संध्याकाळी खोली खाली कर दो."

मी मशीन लोडरमध्ये, म्हणजे मालाच्या टेम्पोत, घातली आणि दुकानात आणली. त्या संध्याकाळी मी जेवलोही झकास. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसलो. हेड परत जागेवर आवळलं होतं, म्हणजे बोल्ट हरवायला नकोत. म्हटलं, इंजिन खोलण्याआधी डबी साफ करावी. कागदी फिल्टर उचलला. कागदी फिल्टरला चारी बाजूंनी रबराची कड असते. ती कड डबीच्या पाटीवर घट्ट बसते, म्हणून हवेला कागदातूनच जावं लागतं, दुसरी वाट नसते. फिल्टर उचलला आणि बघतो, तर एका कोपऱ्यात, बरोबर कडेच्या खाली, तांदळाचा एक दाणा. लाल. पाटीला चिकटून बसलेला. आणि त्या दाण्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळट धुळीची एक बारीक वाट, मुंग्यांनी काढल्यासारखी, सरळ कार्बोरेटरच्या तोंडात गेलेली.

बायको चहा घेऊन आली होती. आमचं घर दुकानाच्या वरच. ती माझ्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "अहो, ही तर आपल्या पूजेची अक्षत आहे."

इथे मला थांबून सांगावं लागेल. आपण मराठी माणसं खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतो. आमच्या घरात एके काळी तलवारी असत, आता पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर असतात. दरवर्षी मी ते सगळे पाटावर मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो आणि अक्षता टाकतो. त्या दिवशी दुकानात असलेल्या मशीनलाही हळदकुंकू मिळतं. पण त्या मशीन बंद असतात, वरून टाकलेल्या अक्षता खाली पडतात आणि चिमण्या खातात. मागल्या साली मात्र नानासाहेबांची मशीन नुकतीच तयार झाली होती. फिल्टर अजून बाहेर होता. मला काय सुचलं असेल? मला सुचलं, की मी नाकाचा डॉक्टर, तर नाकाची पूजा वेगळी झाली पाहिजे! उघडी डबी पाटावर घेतली, फिल्टर तिच्या शेजारी ठेवला. ओलं कुंकू, मूठभर अक्षता, शेजाऱ्यांना बोलावून भाषणही दिलं. मग फुंकर मारली आणि फिल्टर बसवून टाकला. ओल्या कुंकवाने चिकटलेला एक दाणा फुंकरीने हलला नाही.

एक दाणा! कड एका कोपऱ्यात तांदळाएवढी उचललेली राहिली, आणि महिनाभर आख्ख्या गार्डनची धूळ त्या फटीतून आत गेली.

"पण रामदीनला दिसला नसता का?" बायकोने विचारलं.

तेच तर! मीच त्याला सात वेळा बजावलं होतं, की स्पंज दर आठवड्याला धू, पण आतल्या कागदाला हात लावशील तर खबरदार, तो मीच काढणार. त्याने स्पंज इमानदारीत धुतला, म्हणूनच तो कोरा दिसत होता. आणि कागदाला खरंच हात लावला नाही. त्याने एकदा जरी फिल्टर उचलला असता, तर दाणा पडला असता. तो दाणा तिथे होता, हाच त्याच्या सच्चेपणाचा पुरावा.

मंडळी, मी पहिलवान माणूस आहे, पण त्या दाण्याने मला चीत केलं. एक मन म्हणत होतं, दाणा काढून टाक, कोणाला कळणार? नवा पिस्टन घाल, दुसरा माळी येईल.

बायको तेवढ्यात म्हणाली, "तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय काय चाललंय ते. चाय नंतर प्या. पहिले जाऊन या."

"अगं, सगळं शहर हसेल. नाकाच्या डॉक्टरने नाकात तांदूळ सोडला म्हणून."

"हसू देत ना. तुम्हाला लोकांना हसवायची आदत आहेच. त्या बिचाऱ्याची बायको सामान बांधत असेल आत्ता."

मग मी दाण्याला धक्काही न लावता फिल्टर कागदात गुंडाळला, डबीवर झाकण ठेवलं आणि मशीन लोडरमध्ये चढवली. शेजारी माझी स्वतःची दुकानातली मशीनही टाकली. लोडरवाल्याला म्हटलं, "भगा!" तो म्हणाला, "भाऊ, कोई मर गया क्या?" मी म्हटलं, "अभी नहीं, जल्दी कर!"

गार्डनमध्ये पोचलो तर रामदीनच्या खोलीबाहेर खाट उभी करून ठेवलेली, ट्रंक दोरीने बांधलेली. त्याची बायको चुलीवरचा तवा गार व्हायची वाट बघत बसली होती, पोत्यात घालायला. रामदीन मात्र लॉनवर गुडघ्यावर बसून विळ्याने गवत कापत होता. एवढं मोठं मैदान, आणि हातात विळा! तळहाताएवढा तुकडा कापून झाला होता.

नानासाहेब हलवायापाशी उभे होते. मी धापा टाकत गेलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. खंडेनवमी, कुंकू, अक्षता, दाणा, सगळं. म्हटलं, "चूक माझी. रामदीनने काही केलेलं नाही."

नानासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले.

"भाऊ, तुमचं मन मोठं आहे. पण माळी को बचाने के लिए इतनी बढ़िया कहानी मत बनाइए."

"कहाणी? अहो, खरं आहे!"

"तुम्हीच नाही का मला सांगितलंत, की एका फिल्टरच्या डबीतून तुम्ही जिवंत चिमणी काढली, आणि उडताना ती तुम्हाला थँक्यू म्हणाली?"

"चिमणी खरी होती! थँक्यूचं तेवढं—"

"आणि झाशीच्या एका मशीनच्या फिल्टरमध्ये सत्तावन्नची बारूद सापडली होती?"

हलवाई फिस्सकन हसला. तंबूवाल्यांनी बांबू खाली ठेवले. मी दाणा दाखवला. नानासाहेब म्हणाले, "तांदूळ काय, हलवायाकडे बोरीभर आहे."

मंडळी, तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून आजवर हजार थापा गेल्या असतील, आणि लोकांनी त्या मिटक्या मारत खाल्ल्या. आयुष्यात एकदा निखळ खरं बोललो, तर कोणी घेईना! तिकडे रामदीन मान वर न करता विळा चालवत होता, खर्र, खर्र. त्या आवाजाने मला सुचलं.

"नानासाहेब, तुमचा रुमाल द्या."

"कशाला?"

"द्या तर! माझ्यावर विश्वास नका ठेवू. रुमालावर ठेवा. हलवाई, मुठ्ठीभर हल्दी ला!"

हलवायाने वाटीभर हळद आणली. मी मशीन टेबलावर चढवली. प्लगची वायर काढली, म्हणजे दोरी ओढली तरी इंजिन पेटणार नाही, नुसता श्वास घेईल. आधी दाणा काढून बाजूला ठेवला, डबी आणि आतली वाट पुसून लख्ख केली, फिल्टर घट्ट बसवला आणि वरून हळद भुरभुरवली.

"आता तुम्ही ओढा. मी हात लावणार नाही, नाहीतर म्हणाल भाऊने जादू केली."

चिटणिसांच्या घराण्यात दोरी कोणी ओढली नसावी. पण नानासाहेबांनी बाह्या सारल्या आणि ओढली. एक, दोन, पाच, दहा! तंबूवाले मोजायला लागले. वीस झाल्यावर मी फिल्टर हळूच उचलला आणि म्हटलं, "घाला रुमाल कार्बोरेटरच्या तोंडात. तुमच्याच हाताने." त्यांनी बोटाला रुमाल गुंडाळून आत फिरवला. बाहेर काढला तर पांढरा शुभ्र.

"आता बघा!"

दाणा होता तिथेच, त्याच कोपऱ्यात ठेवला. फिल्टर वरून बसवला. डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता, अगदी तसाच बसलेला. पुन्हा हळद. पुन्हा नानासाहेब. या वेळी पंचवीसच्या वर लोक गोळा झाले होते, आणि सगळे एका सुरात मोजत होते, जणू कुस्तीचं मैदान! पंधरा! सोळा! नानासाहेबांचा झब्बा घामाने पाठीला चिकटला. एकोणीस! वीस!

फिल्टर उचलला. नानासाहेबांनी रुमालाची दुसरी बाजू बोटाला गुंडाळली आणि आत फिरवली.

पिवळी! अशी पिवळी, की त्या रुमालाने नवरीची हळद उरकली असती! लोकांनी एकच ओरडा केला. हलवाई म्हणाला, "अरे बाप रे, एक दाने में!" आणि मी, हसू नका, मी नाचलो. माझीच चूक सिद्ध झाली म्हणून भर गार्डनमध्ये नाचणारा मी हिंदुस्थानातला पहिला मिस्त्री असेन.

नानासाहेबांनी रुमाल उजेडात धरून उलटसुलट केला. मग लॉन ओलांडून रामदीनकडे गेले. हा माणूस गवतात कधी चप्पल घालून जात नाही, गवत खराब होतं म्हणून. त्या दिवशी तसेच गेले. रामदीन उठून उभा राहिला. नानासाहेबांनी त्याला पिवळा रुमाल दाखवला आणि काहीतरी म्हणाले. काय, ते मला ऐकू आलं नाही, त्यांचा आवाजच तसला. पण रामदीनची बायको ट्रंकेची दोरी सोडायला लागली, एवढं मी बघितलं. नंतर खाट आत गेली.

गवत मात्र होतं तेवढंच उभं होतं. दुसऱ्या दिवशी बारात येणार. नानासाहेबांची मशीन तर आता पुरती दवाखान्यात भरती, म्हणून मी माझी उतरवली. फिल्टर उचलून, कडेखाली बोट फिरवून बघितला. एकदा नाही, तीनदा. मग दोरी ओढली आणि ती अशी गरजली, की फवाऱ्यावरची कबुतरं पार किल्ल्यावर जाऊन बसली. आधी रामदीनने ढकलली, मी पुढे चालत काटक्या आणि खिळे वेचत होतो. मग मी ढकलली, तो वेचत होता. दुपारी तीनपर्यंत आम्ही दोघांनी ते आख्खं मैदान सपाट केलं. शेवटचा पट्टा राहिला तेव्हा मशीन थोडी थंड व्हायला बंद केली आणि आम्ही फवाऱ्याच्या कठड्यावर बसलो. रामदीनच्या बायकोने पाणी आणून दिलं. कापलेल्या गवताचा असा वास सुटला होता, की घोडा असतो तर चरायलाच लागलो असतो.

मला राहवेना. मी त्याला म्हटलं, "रामदीन, मी चुकलो, कबूल. सबके सामने कबूल. पण एक सांग. तुला माहीत होतं की तू फिल्टर काढला नाहीस. मग काल तू ठणकावून सांगितलं का नाहीस? एकदा तरी मोठ्याने बोलायचं!"

रामदीनने लोट्यातलं पाणी संपवलं. मिशी पुसली. माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नेहमीसारखंच.

"तीन बेर कही थी, भाऊसाब," तो म्हणाला. "आप बोल रए थे."

आणि उठून शेवटचा पट्टा कापायला गेला.